एकोणीस विजय, त्रेसष्ट पराभव

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात क्लीव्हलँड नावाचं शहर आहे. तिथल्या कॅव्हेलियर्स या बास्केटबॉल संघानं २००९-१० च्या हंगामात ८२ पैकी ६१ सामने जिंकले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात संघाचा मुख्य खेळाडू लेब्रॉन जेम्स संघ सोडून मायामीला गेला. पुढच्या हंगामात क्लीव्हलँडनं १९ सामने जिंकले आणि ६३ गमावले. त्यात एकदा सलग २६ पराभव. लॉस एंजेलिस लेकर्सनं तर ११२-५७ असा, म्हणजे ५५ गुणांनी धुव्वा उडवला. चार वर्षांनी जेम्स परत आला. आदल्या हंगामात ३३ विजय होते, ते ५३ झाले. पुढे सलग चार वर्षं अंतिम फेरी आणि २०१६ मध्ये विजेतेपद. २०१८ मध्ये तो पुन्हा निघून गेला. त्यानंतरच्या हंगामाचा हिशोब: १९ विजय, ६३ पराभव.

आकडा हुबेहूब तोच यावा हा अर्थातच योगायोग. शिवाय दोन्ही वेळा बदल एवढाच झाला होता असंही नाही. पहिल्या खेपेला प्रशिक्षकही गेला होता, दुसऱ्या खेपेला संघातला उरलेला मोठा खेळाडू केव्हिन लव्ह दुखापतीमुळे बराच काळ बाहेर होता. तरीही ज्याला आपण सांघिक खेळ म्हणतो त्यात एका माणसाच्या जाण्यानं ६१ चे १९ व्हावेत, हे पचायला जड जातं. एनबीएमध्ये, म्हणजे हे संघ खेळतात त्या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, सुपरस्टार कोणाला म्हणावं यावर चाहते रात्र-रात्र भांडतात. कोणी गुण मोजतं, कोणी विजेतेपदं, कोणी बुटांचा खप. माझ्या मते उत्तर या खेळाच्या अंकगणितातच दडलेलं आहे, आणि ते अंकगणित भल्याभल्यांना चकवा देतं.

सुरुवात पाच या आकड्यापासून करू. मैदानावर एका वेळी एका संघाचे पाचच खेळाडू; क्रिकेट किंवा फुटबॉलच्या निम्म्याहून कमी. मैदानही ९४ फूट लांब आणि ५० फूट रुंद, एवढंच. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे प्रशिक्षकाकडे वाटायला एकूण २४० मिनिटं. संघातला मुख्य खेळाडू त्यातली ३५ ते ३८ मिनिटं खेळतो. पण खरी वाटणी मिनिटांची नसतेच, ती चेंडूची असते. आजच्या एनबीए सामन्यात चेंडू प्रत्येक संघाच्या ताब्यात साधारण शंभर वेळा येतो. पाचांनी समान वाटून घेतला तर एकेकाचा वाटा वीस टक्के. सुपरस्टार मैदानावर असताना मात्र तीस टक्क्यांहून अधिक चढायांचा शेवट त्याच्या हातून होतो. तो शॉट घेतो, फ्री थ्रो मिळवतो, नाहीतर चेंडू गमावतो.

क्रिकेटशी ताडून पाहा. तेंडुलकर लवकर बाद झाला की त्या डावापुरता विषय संपायचा, आणि कित्येक घरांतले टीव्हीही बंद व्हायचे. वन-डेत गोलंदाज कितीही भेदक असो, दहा षटकांनंतर चेंडू दुसऱ्याला द्यावाच लागतो. तिथे नियमच मोठ्या खेळाडूला लगाम घालतात. बास्केटबॉलमध्ये सहा फाऊल झाले तर बाहेर जावं लागतं, बाकी लगाम नाही. शॉट हुकला तरी अर्ध्या-पाऊण मिनिटात चेंडू पुन्हा त्याच्याच हातात येऊ शकतो, आणि मधल्या वेळात बचावातही तो असतोच.

चेंडू इतक्या लवकर परत यावा यासाठी सेकंदांचा हिशोब कसा आला ती गोष्ट मजेशीर आहे, आणि तिच्या मुळाशीही एक सुपरस्टारच आहे. १९५० च्या सुमारास मिनियापोलिस लेकर्स संघात जॉर्ज मायकन होता. उंची सहा फूट दहा इंच, डोळ्यांवर जाड चष्मा. त्याच्याशी सरळ खेळून कोणाचं काही चालत नव्हतं. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेन पिस्टन्सनं यावर उपाय काढला: चेंडू नुसता हातात धरून उभं राहायचं, शॉट घ्यायचाच नाही. मायकनच्या हाती चेंडू कमी लागेल, तेवढाच धोका कमी. प्रेक्षक वैतागले, पण डाव साधला. फोर्ट वेन १९, मिनियापोलिस १८. एनबीएच्या इतिहासातला हा सर्वांत कमी गुणांचा सामना. लेकर्सच्या त्या १८ गुणांपैकी १५ एकट्या मायकनचे होते, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

असल्या रटाळ सामन्यांनी लीग बुडेल अशी भीती वाटू लागली. सिरॅक्यूज संघाचा मालक डॅनी बियासोन याचा बोलिंगचा धंदा होता. त्यानं साधा भागाकार केला. रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण १२० शॉट घेतात. ४८ मिनिटं म्हणजे २,८८० सेकंद. २,८८० भागिले १२० म्हणजे २४. प्रत्येक चढाईत २४ सेकंदांच्या आत शॉट घेतलाच पाहिजे, असा नियम १९५४ पासून लागू झाला. मोठ्या खेळाडूला चेंडूपासून दूर ठेवण्याची ती सोपी पळवाट त्या दिवशी बंद झाली. खेळ वाचवण्यासाठी केलेल्या नियमानं सुपरस्टारला चेंडूचा अखंड पुरवठा मिळवून दिला.

आता गंमत अशी की एवढा पुरवठा मिळूनही त्याच्यात आणि इतर चांगल्या खेळाडूंत फरक पडतो तो फार बारीक. एनबीएतला संघ आज सामन्यात ११४ च्या आसपास गुण करतो. संघाच्या आणि प्रतिस्पर्ध्याच्या सरासरीतला फरक शून्य असेल तर ८२ पैकी ४१ विजय, म्हणजे निम्मे. हा फरक एका गुणानं वाढला की हंगामात साधारण अडीच विजय वाढतात, असा आकडेमोड करणाऱ्यांचा जुना ठोकताळा आहे. मग एखाद्या खेळाडूमुळे संघाची सरासरी सहा गुणांनी सुधारली, तर ४१ चे ५६ होतात. सहा गुण म्हणजे दोन थ्री-पॉइंटर. ४८ मिनिटांत दोन शॉट. मधल्या फळीतला संघ आणि विजेतेपदाचा दावेदार यांच्यात एवढंच अंतर असतं. ओक्लाहोमा सिटी थंडरनं २०२४-२५ मध्ये प्रत्येक सामन्यामागे सरासरी १२.९ गुणांची आघाडी ठेवली. तेवढी आजवर कोणालाच जमली नव्हती. त्यांनी ६८ सामने जिंकले आणि शेवटी विजेतेपदही.

एका सामन्यात सहा गुणांचा फरक डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. तोच रोज रात्री, शंभर-शंभर चढायांवर आणि ८२ सामन्यांवर पसरला की डोंगर होतो. म्हणूनच एखादा अफाट डंक पाहून हा सुपरस्टार होणार असं जो म्हणतो, त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही. डंकचेही गुण दोनच.

विजेतेपदांची यादी तर याहून थक्क करते. १९८० ते १९९९ या वीस वर्षांत वीस विजेतेपदं दिली गेली. मॅजिक जॉन्सनच्या संघाला पाच, लॅरी बर्डच्या तीन, मोझेस मलोनच्या एक, आयझेया थॉमसच्या दोन, मायकल जॉर्डनच्या सहा, हकीम ओलाजुवॉनच्या दोन आणि टिम डंकनच्या एक. बेरीज वीस, नावं सात. या वीस वर्षांत लीगमधून शेकडो खेळाडू येऊन गेले, संघ वाढत वाढत २९ झाले, आणि वीसही चषक सात जणांच्या संघांत वाटले गेले. त्यानंतरच्या काळातला ठळक अपवाद म्हणजे २००४ चा डेट्रॉइट पिस्टन्स. एकही खराखुरा सुपरस्टार नसताना त्यांनी शकील ओनील आणि कोबी ब्रायंटच्या लेकर्सला हरवलं. वीस वर्षं उलटली तरी समीक्षक अपवाद म्हणून त्यांचंच नाव घेतात, यातच काय ते आलं.

मग गुण सर्वांत जास्त करतो तोच सर्वांत मोठा, नाही का? इथेच विल्ट चेंबरलेन आडवा येतो.

२ मार्च १९६२. पेन्सिल्व्हेनियातलं हर्शी, चॉकलेटच्या कारखान्याचं गाव. फिलाडेल्फिया वॉरियर्स विरुद्ध न्यूयॉर्क निक्स. प्रेक्षक ४,१२४. टीव्हीचं चित्रीकरण नाही. चेंबरलेननं ३६ बास्केट मारली आणि २८ फ्री थ्रो. छत्तीस दुणे बहात्तर, अधिक अठ्ठावीस: बरोबर १००. हा विक्रम आजही उभा आहे. ब्रायंटनं २००६ मध्ये टोरांटोविरुद्ध ८१ केले तेव्हा जग हादरलं होतं, आणि तेही १९ नं कमीच. पण मला शंभरापेक्षा त्या पूर्ण हंगामाचे आकडे जास्त अचाट वाटतात. सरासरी ५०.४ गुण. सरासरी २५.७ रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटवर पकडलेले चेंडू. आणि मैदानावरची सरासरी मिनिटं ४८.५. सामना ४८ मिनिटांचा असताना! जादा वेळेत गेलेले सामने धरून त्याची सरासरी सामन्याच्या लांबीच्याही वर गेली, कारण तो मैदानाबाहेर जवळपास गेलाच नाही.

त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडूचा किताब कोणाला मिळाला? बॉस्टनच्या बिल रसेलला. सरासरी गुण १८.९. त्या काळी या किताबासाठी खेळाडूच मतदान करत. म्हणजे जे रोज चेंबरलेनच्या हातून मार खात होते, त्यांनीच रसेल मोठा असं ठरवलं. रसेल बचावाचा राजा होता. प्रतिस्पर्ध्याचे शॉट तो अडवायचा आणि अडवलेला चेंडू प्रेक्षकांत न भिरकावता सहकाऱ्याच्या हातात पडेल असा टोलवायचा. तेरा हंगामांत त्याच्या संघानं अकरा विजेतेपदं जिंकली. चेंबरलेनच्या वाट्याला आली दोन. १९६५ मध्ये चेंबरलेनला वर्षाला एक लाख डॉलरचा करार मिळाला, तेव्हा रसेलनं बॉस्टनकडून १,००,००१ डॉलर घेतले. वरचा एक डॉलर कशासाठी होता हे वेगळं सांगायला नको.

चेंबरलेनला कमी लेखायचा हेतू नाही. पण त्याचे आकडे वाचताना काळाचा भागाकार करावा लागतो. तेव्हाचे संघ धावतपळत खेळत आणि एका सामन्यात शंभराहून अधिक शॉट घेत. आज हा आकडा ९० च्या आत आहे. नेमही आजच्याइतका अचूक नव्हता. शॉट जास्त, त्यामुळे गुण जास्त. हुकलेले शॉट जास्त, त्यामुळे रिबाउंडही जास्त.

दुसरा चकवा जॉर्डनच्या शिकागो बुल्सचा. क्लीव्हलँडच्या उदाहरणावर फार खूश असणाऱ्यांनी तो मुद्दाम पाहावा. १९९२-९३ मध्ये जॉर्डनसह बुल्सनं ५७ सामने जिंकले. त्यानंतर तो अचानक निवृत्त होऊन बेसबॉलकडे वळला. १९९३-९४ मध्ये त्याच्याविना बुल्सनं ५५ जिंकले. फक्त दोन कमी! जगातला सर्वोत्तम खेळाडू गेला आणि फरक दोन सामन्यांचा?

उत्तर पुढच्या पानावर मिळतं. त्या वर्षी प्लेऑफच्या, म्हणजे साखळीनंतरच्या बाद सामन्यांच्या, दुसऱ्या फेरीत निक्सनं बुल्सला सातव्या सामन्यात बाहेर काढलं. जॉर्डन असताना आधीची सलग तीन आणि तो पूर्ण हंगामासाठी परतल्यावर पुढची सलग तीन अशी सहा विजेतेपदं, आणि सहाही वेळा अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू तोच. साखळी सामन्यांत दमलेले संघ, दुखापती, लांबचा प्रवास, रोज नवा प्रतिस्पर्धी असा सगळा गोंधळ असतो. तिथे शिस्तीचा, बाकावरही चांगले खेळाडू असलेला संघ निभावून नेतो. प्लेऑफमध्ये एकाच संघाशी सात सामन्यांपर्यंत झुंज. प्रतिस्पर्ध्याला तुमची प्रत्येक चाल पाठ. मध्ये विश्रांतीचे दिवस मिळतात, म्हणून प्रशिक्षक मुख्य खेळाडूला चाळीसहून अधिक मिनिटं खेळवतो आणि बाकावरच्यांना आवरतं घेतो. ठरलेल्या चाली बंद पडतात. २४ सेकंदांतले १८ संपलेले असतात आणि कोणाला तरी शून्यातून गुण काढायचे असतात. अशा वेळी ते काढून देणारा माणूस तुमच्याकडे आहे की नाही, यावर वीस चषक सात जणांत वाटले जातात.

या शेवटच्या सहा सेकंदांची एक किंमत असते, ती म्हणजे हुकलेले शॉट. जॉर्डननं साखळी सामन्यांत एकूण २४,५३७ शॉट घेतले. त्यातले १२,१९२ आत गेले. वजाबाकी करून पाहा: १२,३४५ हुकले. आकडा एखाद्यानं गमतीनं रचल्यासारखा आहे, पण खरा आहे. ब्रायंटचे १४,४८१ हुकले. तो बराच काळ विक्रम होता. मग २०२४-२५ च्या हंगामात तो मोडला कोणी? लेब्रॉन जेम्सनं, ज्याच्या नावावर सर्वाधिक गुणांचाही विक्रम आहे. साध्या खेळाडूचे सलग आठ शॉट हुकले तर प्रशिक्षक त्याला बाकावर बसवतो. सुपरस्टारचे आठ हुकले तर नववाही त्यालाच घ्यायला सांगतात. चौदा हजार वेळा चुकण्याची मुभा मिळणं ही या धंद्यातली सर्वांत दुर्मीळ पदवी म्हणायला हवी.

जेम्सच्या गुणांचाही हिशोब करू. करीम अब्दुल-जब्बारचा ३८,३८७ गुणांचा विक्रम १९८९ पासून अबाधित होता. जेम्सनं तो फेब्रुवारी २०२३ मध्ये मागे टाकला आणि मार्च २०२४ मध्ये ४०,००० ओलांडले. चाळीस हजार म्हणजे काय? वर्षाला ८० सामने, प्रत्येक सामन्यात २५ गुण, आणि हे सलग २० वर्षं. २५ गुणिले ८० गुणिले २०. एका हंगामात सरासरी २५ गुण करणारे खेळाडू हल्ली दरवर्षी दहा-बारा तरी सापडतात. एनबीएतली सरासरी कारकीर्द मात्र चार-पाच वर्षांत आटोपते. साखळी आणि प्लेऑफ धरून जेम्सनं मैदानावर सत्तर हजारांहून अधिक मिनिटं काढली आहेत. म्हणजे अठ्ठेचाळीस दिवस आणि अठ्ठेचाळीस रात्री, एक क्षणही न थांबता, अंगावर शंभर किलोचे गडी आदळत असताना. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो आपल्या मुलाबरोबर, ब्रॉनीबरोबर, एकाच संघातून मैदानात उतरला. बाप-लेक एकत्र खेळण्याची एनबीएतली ती पहिलीच वेळ.

एवढा मोठा फरक पाडणारी माणसं आधीच ओळखता येत असतील, असं वाटणं स्वाभाविक आहे. ती ओळखण्यासाठीच तर सगळा खटाटोप. अमेरिकेत शाळांच्या संघांतून पाच लाखांहून अधिक मुलगे बास्केटबॉल खेळतात. त्यातून महाविद्यालयीन पातळीवर अठरा हजारांच्या आसपास पोचतात. आणि एनबीएच्या वार्षिक ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, जागा साठ. त्यासाठीही आता युरोप, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियातली मुलं रांगेत. तीस संघांत मिळून साडेचारशे पक्क्या जागा. संघांचे हेर जगभर फिरतात, मुलांची उंची, हातांची लांबी, उडी सगळं इंचात मोजतात.

आणि तरीही निकाल पाहा. १९८४ मध्ये जॉर्डनच्या आधी दोघे निवडले गेले. त्यातला एक ओलाजुवॉन होता म्हणून ठीक, पण दुसरा सॅम बोवी होता, जो सुपरस्टार कधीच झाला नाही. २००९ मध्ये मिनेसोटाकडे पाचवी आणि सहावी अशा लागोपाठ दोन निवडी होत्या. त्यांनी दोन्ही वेळा चेंडू खेळवणारे गार्डच घेतले, आणि सातव्या क्रमांकावर उरलेला गार्ड स्टेफन करी गोल्डन स्टेट वॉरियर्सला मिळाला. २०१३ चा पहिला क्रमांक अँथनी बेनेट चार हंगामांत लीगबाहेर गेला. अथेन्सच्या रस्त्यांवर भावाबरोबर वस्तू विकणारा यानिस आंतेतोकुनपो त्याच ड्राफ्टमध्ये पंधरावा होता. २०१४ मध्ये सर्बियातल्या सोम्बोरचा निकोला योकिच एक्केचाळिसावा निवडला गेला, तेव्हा टीव्हीवर टाको बेलची जाहिरात चालू होती. निवडीचं नाव खालच्या पट्टीत येऊन गेलं. हा योकिच पुढे तीन वेळा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याला फारशी उडी मारता येत नाही, तो वेगानं धावतही नाही. पण दहा जण कुठे आहेत आणि पुढच्या क्षणी कुठे असतील हे त्याला दिसतं, आणि ते मोजायची पट्टी अजून कोणी बनवलेली नाही. उंची हे या खेळाचं प्रवेशपत्र आहे, पुढचं सगळं डोक्यात घडतं.

चाहत्यांना सापडत नसलेली सुपरस्टारची व्याख्या वकिलांनी मात्र करून ठेवली आहे. एनबीएत संघाच्या एकूण पगारावर मर्यादा असते. २०२५-२६ साठी ती सुमारे १५.४६ कोटी डॉलर. नव्या खेळाडूला त्या मर्यादेच्या जास्तीत जास्त २५ टक्के पगार देता येतो, सात ते नऊ वर्षं खेळलेल्याला ३० आणि त्यापुढे ३५ टक्के. यातली वरची पायरी लवकर चढायची असेल तर ठरावीक मान मिळवावे लागतात: वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू, सर्वोत्तम बचावपटू किंवा ‘ऑल-एनबीए’ या पंधरा जणांच्या यादीत स्थान. ही यादी ठरवतात शंभर पत्रकार आणि समालोचक. २०२१ मध्ये बॉस्टनचा जेसन टेटम या यादीत आला नाही. त्याचं सुमारे ३.२ कोटी डॉलरचं नुकसान झालं. २०२४ मध्ये इंडियानाचा टायरीस हॅलिबर्टन आला; त्याचा पाच वर्षांचा करार चार कोटी डॉलरनं फुगला. आता किमान ६५ सामने खेळल्याशिवाय मतदानासाठी नावच धरत नाहीत. पत्रकाराच्या एका मताला एवढी किंमत असावी हे पत्रकारितेच्या दृष्टीनं मला मुळीच बरं वाटत नाही, पण नियम आहे.

करीचा २०२५-२६ चा पगार ५.९६ कोटी डॉलर. डॉलरला ८५ रुपये असा सोपा भाव धरला तर पाचशे कोटी रुपयांच्या वर. ८२ सामन्यांनी भागलं तर सामन्याला सहा कोटी. तेहतीस मिनिटं खेळला तर मिनिटाला अठरा लाखांहून अधिक. जॉर्डननं पंधरा हंगाम खेळून पगारापोटी एकूण सुमारे ९.४ कोटी डॉलर मिळवले. करीला तेवढे दोन वर्षांतच मिळतात. तरीसुद्धा करीला कमीच मिळतं असं माझं मत आहे, आणि हे उपरोधानं म्हणत नाही. २०१० मध्ये नव्या मालकांनी वॉरियर्स संघ ४५ कोटी डॉलरला विकत घेतला. करी तेव्हा एक हंगाम खेळला होता. २०१२ मध्ये त्याच्या सतत दुखावणाऱ्या घोट्याला घाबरून संघानं चार वर्षांसाठी फक्त ४.४ कोटींचा करार केला. त्याच स्वस्त कराराच्या काळात तो दोनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०२४ मध्ये फोर्ब्सनं या संघाची किंमत ८८० कोटी डॉलर लावली. जवळपास वीसपट. एका माणसामुळे सगळं वाढलं असं म्हणता येणार नाही, लीगच श्रीमंत झाली. डिस्नी, एनबीसी आणि अ‍ॅमेझॉन यांच्याशी झालेला अकरा वर्षांचा प्रक्षेपण करारच सुमारे ७,६०० कोटी डॉलरचा आहे. पण मालकाच्या नफ्याला मर्यादा नाही आणि करीच्या पगाराला आहे, हा फरक उरतोच.

मर्यादेबाहेरची कमाई कशी असते ते जॉर्डननं दाखवलं. १९८४ मध्ये नायकीनं त्याच्याशी पाच वर्षांचा, वर्षाला सुमारे पाच लाख डॉलरचा करार केला. चौथ्या वर्षाअखेर तीस लाख डॉलरचे बूट खपले तरी पुरे, अशी कंपनीची अपेक्षा होती, असं त्याचा एजंट डेव्हिड फॉक सांगतो. पहिल्याच वर्षी खपले १२.६ कोटींचे. जॉर्डन शेवटचा सामना खेळला त्याला वीस वर्षं उलटून गेली, आणि त्याच्या नावाच्या मालाची विक्री आज वर्षाला ७०० कोटी डॉलरच्या घरात आहे. १४ जून १९९८ चा त्याचा बुल्ससाठीचा अखेरचा सामना अमेरिकेत सरासरी ३.५९ कोटी लोकांनी पाहिला. २०२५ च्या अंतिम फेरीला सरासरी एक कोटीच्या आसपास प्रेक्षक होते. पैसा कित्येक पटींनी वाढला आणि प्रेक्षक तिसऱ्या हिश्शावर आले, तेव्हा कीर्तीचं मोजमाप पगारात करणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

आपल्याकडे या सगळ्याचा एक पुसटसा धागा येतो. सॅक्रामेंटो किंग्ज या संघाचे प्रमुख मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले. त्यांचा संघ ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना पेसर्सशी दोन सराव सामने खेळला. भारतातले एनबीएचे ते पहिले सामने. पंजाबातल्या बरनाला जिल्ह्यातला सात फूट दोन इंची सतनाम सिंग २०१५ च्या ड्राफ्टमध्ये डॅलसनं बावन्नावा निवडला, पण एनबीएचा एकही सामना त्याला खेळायला मिळाला नाही. एकशे चाळीस कोटींच्या देशातल्या खेळाडूंची एनबीएतली मिनिटं अजून शून्य आहेत.

करीकडे परत येतो, कारण माझ्या लेखी सुपरस्टारचा सर्वांत शुद्ध नमुना तोच. उंची सहा फूट दोन इंच, या लीगमध्ये बुटकाच. तीन गुणांची रेषा बास्केटपासून कोपऱ्यात २२ फूट आणि समोर २३ फूट ९ इंच. २०१४-१५ मध्ये त्यानं २८६ थ्री-पॉइंटर मारून स्वतःचाच विक्रम मोडला, आणि पुढच्याच वर्षी ४०२ मारले. विक्रम इंचाइंचानं पुढे सरकतात असा सगळ्या खेळांचा अनुभव; हा एका उडीत चाळीस टक्के पुढे गेला. मार्च २०२५ मध्ये त्याचे ४,००० थ्री-पॉइंटर पूर्ण झाले. प्रत्येक शॉट कमीत कमी २२ फुटांचा धरला तरी ८८,००० फूट होतात, म्हणजे कळसूबाई सोळा वेळा एकावर एक रचूनही वर थोडी जागा उरावी. १९७९-८० मध्ये ही रेषा आली तेव्हा एक संघ सामन्यात असे तीनसुद्धा शॉट घेत नसे. आता सरासरी सदतीसच्या वर घेतो. खेळाची सगळी भूमितीच बदलली, आणि त्या बदलात या एका बुटक्याचा वाटा सर्वांत मोठा आहे.

तो बास्केटपासून तीस फुटांवर रिकाम्या हातांनी उभा असला तरी एक बचावपटू त्याला चिकटलेला असतो आणि दुसरा अर्धा त्याच्याकडे झुकलेला. म्हणजे उरलेल्या चार सहकाऱ्यांसमोर साडेतीनच माणसं उरतात. मघाचे ते सहा गुण इथून येतात, आणि यातला बराच भाग गुणफलकावर करीच्या नावासमोर लिहिलाच जात नाही. एनबीएचे सामने आपल्याकडे सकाळी दिसतात. एखाद्या रविवारी चहा घेऊन वॉरियर्सचा सामना लावा, आणि पहिली दहा मिनिटं चेंडूकडे अजिबात न बघता फक्त करीच्या अवतीभवती कोण उभं आहे ते मोजा.